नाव नको इकू

मला चोर म्हणण्याची ज्यांना घाई झाली आहे, त्यांनी जरा थांबावे आणि माझे सगळे ऐकून घ्यावे. मित्रांनो, मी पाचोऱ्याचा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या छातीत दोन खण आहेत. एका खणात भरलेली कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी. मग माझी दोन बटणे एकदम दाबली, की एकीतले गाणे दुसरीत उतरते. त्यासाठीच मला घडवले आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

माझा जन्म उल्हासनगरला पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. माझी मोटर कुठून तरी परदेशातून आली होती, पेटी तिथलीच होती, आणि कपाळावरची चकचकीत पट्टी कोणत्या कंपनीची हे मला आजतागायत कळलेले नाही. मगनभाऊंनी मला विकत घेतले आणि मांडीवर ठेवून रेल्वेने पाचोऱ्याला आणले. मनमाडला गाडीत गर्दी उसळली, तेव्हा ते स्वतः उठून उभे राहिले आणि मला त्यांच्या जागेवर ठेवले. एवढा मान पुढे मला क्वचितच मिळाला.

स्टेशनरोडवर त्यांचे लहानसे दुकान होते. बाहेर पाटी लागली, 'येथे कॅसेट भरून मिळतील'. ते ऐंशीच्या दशकातले दिवस होते. घराघरात टेपरेकॉर्डर येऊ लागले होते, पण मूळ कॅसेट आमच्या गावात सहसा येत नसे. आली तरी ती महाग असे. जामनेरहून, भडगावहून, केळीच्या ट्रकवर बसून लोक येत. कोणाला लग्नात वाजवायला गाणी हवी असत, कोणाला भजने. मगनभाऊ सकाळी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझे हेड, म्हणजे फीत जिथे घासून जाते तो भाग, पुसत आणि मगच पहिली कॅसेट घालत. माझ्यात भरलेली कॅसेट खरखरत नाही, असा माझा लौकिक होता.

एकदा एरंडोलचे एक म्हातारे आबा जुन्या भजनाची कॅसेट घेऊन आले. ती काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती. फीत दोन ठिकाणी तुटलेली होती. मगनभाऊंनी ती चिकटवली आणि मी ती नव्या कॅसेटवर उतरवली. जुनी फीत पुढे विरून गेली, भजन मात्र राहिले. सांगा, मी तिथे चोरी केली का? मी ते भजन वाचवले!

कोणी शिकलेले गिऱ्हाईक कधी म्हणे, "मगनभाऊ, असं भरून देणं कायद्यात बसत नाही."

तेव्हा मगनभाऊ हसून म्हणत, "मी काय कोणाच्या खिशात हात घातला का? ज्याचं गाणं त्याच्याजवळ राहिलंच ना? एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिला विझतो का?"

मलाही ते पटे. पुष्कळ वर्षे पटले.

मग एके दिवशी जळगावचे पंडितशेठ आले. कोऱ्या कॅसेट आमच्या दुकानाला तेच पुरवत. जत्रांमध्ये आणि बाजारांमध्ये त्यांची दुकाने लागत. त्यांनी खिशातून धुळ्याच्या बाजारात विकत घेतलेली एक कॅसेट काढली आणि ती माझ्यात घालायला लावली. आधी एक बाई बोलली. तिने आपले नाव, गाव आणि ढोलकी वाजवणाऱ्या नवऱ्याचे नाव सांगितले. मग ती अहिराणीत गाऊ लागली.

'कपाशी येचता येचता वटी मनी भरी गई,
हासता बोलता माय, मी बांधवर उनी...'

कापूस वेचता वेचता ओटी भरून हसतबोलत बांधावर आलेल्या बाईचे ते गाणे होते. मित्रांनो, तोवर माझ्यातून हजारो गाणी गेली होती. पण आमच्या मातीची बोली माझ्या स्पीकरमधून एवढ्या ठसक्यात कधी निघाली नव्हती. रस्त्याने जाणारी माणसे थबकली. भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई तशीच उभी राहून ऐकत राहिली.

"बघितलंस?" पंडितशेठ म्हणाले. "हे चालणार. भर भरपूर. पण सुरुवातीचं ते बोलणं पुसून टाक. कव्हर मी छापून आणलंय."

कव्हरवर एका नटव्या पोरीचा फोटो होता आणि खाली नाव होते, 'कुमारी चंचल'.

मगनभाऊंनी विचारले, "पण शेठ, ही बाई तर भिकुबाई आहे. आत्ता स्वतःच सांगितलं तिनं."

"अरे, धुळ्याकडच्या खेड्यातली बाई ती. तिच्या नावाला कोण विचारतं? तुला कोऱ्या कॅसेट हव्यात ना माझ्याकडून?"

मगनभाऊंनी कव्हर उलटे करून ठेवले. मग त्यांनी बटण दाबले. भरणे जसे माझ्या अंगात आहे, तसे पुसणेही आहे. भिकुबाईचे बोलणे गेले आणि तिथे नुसती शांतता आली. पुढे कितीतरी दिवस मी तीच गाणी भरत होतो. दर कॅसेटच्या आरंभी ती शांतता माझ्या स्पीकरमधून जाई. दुकानात कोणाला ती कळत नसे.

त्यानंतरच्या चतुर्थीला पद्मालयच्या गणपतीच्या जत्रेत काय घडले, ते मी पाहिले नाही. भिकुबाईने आमच्या दुकानात येऊन सांगितले तेव्हा कळले.

ती आली ती दुपारची वेळ होती. उंच, सावळी, कासोटा घट्ट खोचलेली. मागे तिचा नवरा निंबा, खांद्याला ढोलकी आणि हातात कॅसेटने भरलेली पिशवी. दोघांनी बैलजोडी विकून धुळ्याला ही कॅसेट भरून घेतली होती आणि ती जत्रेत विकायला बसली होती. पण लोक कॅसेट उलटसुलट करून पाहत आणि ठेवून देत. हे तर त्या चंचलबाईचे गाणे आहे, असे म्हणत. तू तिची नक्कल मारून विकतेस, असे म्हणत. एका माणसाने तर तिच्या तोंडावर तिला चोट्टी म्हटले. स्वतःचेच गाणे गाते म्हणून! तिने त्याच माणसाकडून चंचलची कॅसेट मागून घेतली आणि ती कुठे भरली याचा माग काढत काढत ती पाचोऱ्याला आली.

ती आली तेव्हा माझ्यात तेच गाणे चालू होते. निंबाने ते ऐकले आणि त्याचे डोके फिरले. त्याने मला दोन्ही हातांनी उचलले. वायर भिंतीतून उपसली गेली, गाणे मध्येच तुटले. समोर फरशी होती. माझे आयुष्य तिथेच संपायचे होते.

"ठेव खाले!" भिकुबाई ओरडली. "हाई यंत्र शे. जे आयकस तेच बोलस. मनं नाव मानूसनी पुसं, यानी नही."

निंबाने मला खाली ठेवले. मित्रांनो, मला अनेकांनी चांगले म्हटले आहे, पण माझ्या बाजूने अशी साक्ष दुसऱ्या कोणी दिली नाही. आणि तीही अशा बाईने, की जिचे सर्वांत जास्त नुकसान झाले होते.

मग ती मगनभाऊंकडे वळली. "भाऊ, तू कोनले इचारं व्हतं का, हाई गानं कोनं शे?"

मगनभाऊ चाचरले. "अक्का, गाणं तुमच्याजवळ आहेच की. आम्ही फक्त नक्कल..."

"शे ना मनाजोडे. गया मा शे," तिने गळ्यावर बोट ठेवले. "पन लोके माले चोट्टी म्हनतस, ते कोनं शे? या कॅसेट इकाई जातीन, तं आम्ही पुढली भरसूत, असं ठरेल व्हतं. आते पुढलं गानं कथाईन येई? तुना या डबामाईन?"

एका दिव्यावर दुसरा दिवा लावण्याची गोष्ट मगनभाऊंना आता सांगता आली नाही. पंडितशेठने काय करायला लावले, ते त्यांनी सांगून टाकले. दिवा लावणाऱ्यालाच अंधारात बसवले, हे त्यांनाही दिसत होते आणि मलाही.

"तो शेठ कव्हय येई?" तिने विचारले.

"संध्याकाळी येणार आहेत, माल न्यायला."

"मंग मी बठस."

आणि ती दुकानाच्या पायरीवर खरोखरच बसली. निंबाने ढोलकी पुढे घेतली. तिने गायला सुरुवात केली. रस्त्यावरच! आधी चहावाला आला, मग हमाल, मग गाडीतून उतरलेले लोक. ज्यांच्या घरी चंचलची कॅसेट होती, ते एकमेकांकडे पाहू लागले. आवाज तोच होता. आणि माझ्यात खरखर नसली, तरी माझ्यातून जे कधीच निघाले नव्हते ते त्या आवाजात होते. मध्येच हसणे, मध्येच श्वास घेणे, एखाद्या बाईकडे बघून शब्द बदलणे. मी उत्तम यंत्र आहे, हे मी पुन्हा सांगतो. पण त्या संध्याकाळी मला माझी जागा कळली. गाणे माझ्यातून जाते, पण जन्माला ते तिच्यात येते.

पंडितशेठ आले तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. गर्दीतून वाट काढत ते म्हणाले, "काय तमाशा आहे हा? बाई, गाणं तुझं आहे याचा कागद आहे का तुझ्याजवळ?"

"कागद नही. तू तुनी चंचलले लई ये. हाई गानानी पुढली ओय तिले म्हनू दे. मी मुकाट घर जास."

चंचलने पुढची ओळ म्हणायची, या कल्पनेनेच लोक हसले. कोणीतरी मागून ओरडले, "आना चंचलले!" पंडितशेठ आता मगनभाऊंकडे वळले.

"माल काढ. आणि हिला हाकल. नाहीतर उद्यापासून एक कोरी कॅसेट मिळणार नाही. कळलं?"

मगनभाऊंनी कपाटातून भरलेल्या कॅसेटचा ढीग काढला. मला वाटले, आता ते तो ढीग शेठच्या हाती देणार. पण त्यांनी माझी वायर पुन्हा भिंतीत खोचली, पहिली कॅसेट माझ्यात घातली आणि पुसायला लावली.

"कॅसेट तुमच्या आहेत शेठ," ते म्हणाले. "कोऱ्या होत्या, कोऱ्या करून देतो. गाणं तुमचं नाही. ते मिळणार नाही."

त्या संध्याकाळी मी जेवढ्या जोमाने पुसले, तेवढ्या जोमाने कधी भरलेही नसेल. पंडितशेठ शेवटपर्यंत थांबले नाहीत. कॅसेटचा ढीग त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून नेला आणि आमच्याकडे माल पाठवणे खरोखरच बंद केले.

दुसऱ्या सकाळी भिकुबाई माझ्यासमोर माईक घेऊन बसली. मगनभाऊ म्हणाले, "अक्का, सुरुवातीला नाव-गाव सांगा."

"नही. सुरवातनं पुसाई जास. नाव आते गानाना पोटमा ठेवसू." आणि तिने गाण्याच्या ऐन मध्यावर नवी ओळ घातली.

'गाव मनं पिंपरखेडं, नाव मनं भिकू,
गानं लई जाय दादा, नाव नको इकू!'

आता ती ओळ पुसायची तर गाणेच मोडले असते. मगनभाऊंनी तिच्या कॅसेट तिच्या नावानेच भरल्या आणि तिच्या वाट्याचे तिला देऊन विकल्या. ज्यांना विकत घेणे जमत नसे, ते एकमेकांकडून भरून घेत. त्यांच्यावर ती रागावत नसे. "गरिबना घर मनं गानं वाजस, वाजू द्या," म्हणे. "पन ज्याले जमस त्यानी ईकत ल्या, तव्हय मी पुढलं गासू."

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. चंचलच्या कॅसेट नंदुरबारपर्यंत पोहोचल्या होत्या, त्या तशाच वाजत राहिल्या. पंडितशेठने माल बंद केल्यावर आमचे दुकान कितीतरी महिने ओस पडले. मगनभाऊ लांबून भुसावळहून कोऱ्या कॅसेट आणत. पण भिकुबाईची दुसरी कॅसेट निघाली, मग तिसरी. जामनेरच्या एका लग्नात नकलेची नक्कल वाजत होती म्हणे, एवढी घासलेली की ढोलकी ऐकूही येत नव्हती. पण त्या ओळीवर मांडवातल्या सगळ्या बायका एका आवाजात 'भिकू!' म्हणाल्या. तिला कधी न पाहिलेल्या बायका!

आता नव्वदचे दशक संपत आले आहे. माझा रबरी पट्टा सैल झाला आहे आणि मी कपाटावर बसून असतो. खाली मगनभाऊंच्या दुकानात संगणक आला आहे आणि तुम्ही तिथे खेळ खेळायला येता. सीडीच्या चकत्यांवरून चकत्या भरल्या जातात. परवा एक खेळ सुरू झाला, तर आरंभी, नक्कल होऊ नये म्हणून त्याला घातलेले कुलूप तोडणाऱ्याचेच नाव झळकले. ज्यांनी तो खेळ रात्रंदिवस खपून घडवला, त्यांची नावे शेवटी येत होती. तेवढ्यात कोणीतरी बटण दाबून ती पुढे ढकलली. मी वरून पाहत होतो.

मित्रांनो, महाग आहे, गावात मिळत नाही, ही अडचण मला माहीत आहे. तिच्यावरच मी वाढलो. म्हणून मी तुम्हाला दटावणार नाही. पण 'यात कोणाचे काय जाते' असे मात्र माझ्यासमोर म्हणू नका. कोणाचे काय जाते, ते मी पायरीवर बसलेले पाहिले आहे. जेव्हा जमेल तेव्हा ज्याची वस्तू त्याच्याकडूनच घ्या, म्हणजे तो पुढची घडवील. आणि खेळ संपल्यावर नावे वर सरकू लागली, की बटणावरचे बोट उचला. ती सगळी वाचा. मोठ्याने वाचा.