वेणी कुणासाठी

प्राचीच्या ललाटावर कुंकुमवर्णी ऊन उमलत होते. दवभिजल्या डोंगरमाथ्यावर देवळाचा कळस सुवर्णात न्हात होता. केस म्हणजे मानवाच्या अहंकाराची कृष्णपताका; ती देवाच्या दारी उतरली, की आत्मा मुक्त होतो. पताका मात्र पोत्यात भरतात.

मुंडनाच्या ओट्यावर गोदूताई बसल्या होत्या. धाकटी जाऊ शालन मरणाच्या उंबऱ्यावरून परतली, म्हणून त्या केसांचा नवस फेडायला आल्या होत्या. मेघकृष्ण केस, तैलस्निग्ध केस, कटीखाली झुळझुळणारे केस.

न्हावी सिदराम वस्तरा परजत म्हणाला, "आधी घट्ट वेणी घाला, ताई."

"का? देवाला सुटे केस चालत नाहीत?"

"देवाला चालतात. व्यापाऱ्याला गुंता चालत नाही."

वारा थांबला. घंटा थांबली. गोदूताईंचा हात थांबला.

"म्हणजे विकता?"

"मग अन्नछत्र कशावर चालतं?"

"चालू दे की. पण वाहणाऱ्याला आधी सांगा. भिंतीवर लिहा. तोवर वस्तरा लावायचा नाही."

नवस फेडल्याविना उठायचे नव्हते, लिहिल्याविना केस द्यायचे नव्हते. या दोन निश्चयांच्या मध्ये त्या बसल्या. पाषाणासारख्या, दीपमाळेसारख्या, आणि मागे खोळंबलेल्या रांगेच्या मते म्हशीसारख्या.

"अहो जाऊबाई, उठा ना! माझ्यापायी कशाला तमाशा?" शालन कुजबुजली.

"तुझ्यापायीच बसलेय. तुझ्या जिवासाठी बोललेली वस्तू आहे ही. चोरासारखी जाऊ द्यायची नाही."

विश्वस्त दामुअण्णा उपरणे सावरत आले. "बाई, दिलेल्या दानाची चौकशी करायची नसते."

"अजून दिलंय कुठं?"

रांग हसली. मागून एक म्हातारी ओरडली, "मलाबी सांगा की! माझी तर तिसरी खेप!"

ऊन चढत गेले, तसतसा दामुअण्णांचा चेहरा उतरत गेला. अखेर त्यांनी खडू मागवला. काळ्या भिंतीवर शुभ्र अक्षरे उमटली: 'येथे वाहिलेले केस विकले जातात. पैसा अन्नछत्रास जातो.'

गोदूताईंनी ते मोठ्याने वाचले. मग स्वतःच वेणी घातली. घट्ट, देखणी, लेकीला सासरी धाडताना घालावी तशी. मान लवली. वस्तरा फिरला. निशा ओसरावी तशी वेणी ओसरली, आणि मागे उरले एक उघडे, उषेसारखे उजळ, ताठ मस्तक.

शालन मुसमुसत होती. दामुअण्णा खडू खिशात घालू लागले.

"थांबा हो अण्णा," गोदूताई म्हणाल्या, "त्याच्याखाली आंघोळीला गरम पाणी कुठं मिळतं, तेवढंही लिहा."