केशरची वाटी

केशर रविवारी आलं. माझी मुलगी श्रद्धा हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. तिच्या शेजारी बसणाऱ्याची बदली बंगळुरूला झाली आणि त्याचं तीन महिन्यांचं पाखरू आमच्या पदरात पडलं. कॉकाटिएल म्हणतात म्हणे, पोपटातली जात. राखाडी अंग, डोक्यावर तुरा आणि गालांवर फिकट केशरी टिकल्या, म्हणून केशर. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर स्पष्ट सांगितलं असतं की आता माझ्याच्यानं कुणाची उस्तवार होणार नाही. दोन वर्षं बायकोची केली. औषधं, पथ्य, कूस बदलणं, सगळं. सात महिन्यांपूर्वी सत्यशीला गेली आणि मी जो खुर्चीत बसलो तो अजून धड उठलेलो नाही. छत्तीस वर्षं कारखान्यात पाळ्या केल्या, पण इतका कधी दमलो नव्हतो.

श्रद्धाने फ्रिजवर कागद चिकटवला. पहिले काही दिवस पिंजऱ्यात हात घालायचा नाही. टक लावून बघायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब. रात्री वरून पंचा. आमच्या घरात नव्या सुनेलाही कुणी इतकं जपलं नव्हतं.

पिंजरा मागच्या गल्लीतल्या अल्लाबक्षकडून आणला. कसबा पेठेत पिंजरे करणारा तो आता एकटाच उरलाय. तार वाकवता वाकवता तो म्हणाला, "वैजनाथराव, लहान जीव आहे. घर बदललं की बावरतं, खात नाही. पण चार दिवसांत दाण्याला तोंड लावलं नाही, तर मला दाखवा. पाचवा दिवस काढायचं नाही ते."

सोमवारी केशरने दोन-चार दाणे टिपले. मंगळवारी तेवढेही नाहीत. दांडीच्या टोकाला, भिंतीला चिकटून, तुरा पाडून बसायचं. कांगेच्या बारीक दाण्यांची वाटी भरलेली ती भरलेलीच. राळ्याचं कणीस टांगलं, ते नुसतंच लोंबकळत राहिलं. पाणी तेवढं प्यायचं.

दुपारी दोनच्या ठोक्याला श्रद्धाचा फोन. "बाबा, केशरनं खाल्लं?"

"खाल्लं."

"आणि तुम्ही?"

"जेवलो की."

"भाजी कशी झाली होती?"

"छान."

तिन्ही उत्तरं खोटी. ती सकाळी सातची बस पकडायच्या आधी दोन डबे भरते, एक तिचा आणि एक माझा. माझा डबा गच्चीच्या कठड्यावर कावळे खातात. अन्न मला गिळवतच नाही. चहा आणि चार बिस्किटं, रात्री तिच्या समाधानासाठी दूध-पोळी, की भागलं. तिला यायला नऊ वाजतात, तोवर केशरच्या वाटीतली मूठभर कांग मी खिडकीबाहेर फेकून ठेवायचो. वाटी कमी झालेली दिसली की तिचा चेहरा जरा सैल पडायचा.

ही विद्या माझी जुनी आहे. शेवटच्या महिन्यात सत्यशीलेनं अन्न सोडलं, तेव्हाही दोनच्या फोनवर मी रोज "जेवली आई" म्हणायचो. पोरीची नवी नोकरी, उगाच जीव टांगणीला कशाला. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी श्रद्धा एवढंच म्हणाली, "सांगितलं असतंत तर मी रजा काढली असती, बाबा." पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. काढला असता, भांडली असती, तर बरं झालं असतं.

गुरुवार उजाडला. चौथा दिवस. श्रद्धा चप्पल घालता घालता पिंजऱ्याशी थबकली आणि म्हणाली, "बाबा, ह्याला काही होणार नाही ना?" मी म्हणालो, "मी आहे ना." बोलून गेलो आणि मग घाम फुटला.

अकराच्या सुमाराला केशरचे डोळे मिटायला लागले. पिसं फुलवून नुसता गोळा होऊन बसलं. मला भीती वाटली, खरी भीती. आणि त्या भीतीत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. जन्मभर मी सत्यशीलेची त्यावरून टिंगल केली होती. श्रद्धा लहानपणी जेवेनाशी झाली, की ही मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन दृष्ट काढायची. मी म्हणायचो, "डॉक्टरला सांग, दुकान बंद कर." त्या दिवशी मीच डबे धुंडाळून मीठ-मोहऱ्या काढल्या. चांगल्या पाच मिरच्या घेतल्या, हात राखून नाही. पिंजऱ्यावरून तीनदा उतरवलं. "आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची..." पुढचं आठवेना, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव घेतलं. आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं.

दृष्ट लागली असेल तर मिरचीचा ठसका येत नाही म्हणतात. इथं असा ठसका आला की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणजे दृष्टबिष्ट काही नव्हतं. आणि पिंजरा होता स्वयंपाकघराच्या दारात, सकाळचं ऊन तिथं येतं म्हणून मीच हलवलेला. पडदा बाजूला करावा तसा धूर हातानं सारला, तर केशर दांडीवरून खाली पडलेलं. चोच उघडी, शेपटी वरखाली.

पंचा टाकला, पिंजरा छातीशी धरला आणि तीन मजले उतरून धावलो. चौसष्टाव्या वर्षी धावलो, हे लोकांनी पाहिलं आणि वाटेतून बाजूला झाले.

अल्लाबक्षनं पंचा काढला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "मिरची जाळली?"

"दृष्ट काढली."

"पाखराचं छाताड केवढं असतं, वैजनाथराव? धूर सोसत नाही त्याला. तेवढा कागद तरी वाचायचा, पोरीनं लावलाय म्हणालात ना?" पिंजरा त्यानं ओट्यावर मोकळ्या हवेत ठेवला. आम्ही दोघं त्याच्या शेपटीकडे बघत बसलो. अर्ध्या तासानं शेपटीची धडधड मंदावली. मग केशर चोचीनं तारा धरत, सरपटत, दांडीवर चढलं. मला रडू आलं. अल्लाबक्ष भला माणूस, तो तारेची भेंडोळी शोधत आत गेला.

बाहेर येऊन म्हणाला, "हवेनं वाचलं, पण अन्नावाचून राहायचं नाही. हे थव्यातलं पाखरू आहे. एकटं खात नाही. आजूबाजूचे खातात ते बघतं, मग खातं. त्याच्यासमोर जेवतं कोण?"

मी पंच्याची घडी करत राहिलो.

"घरात जेवतं तरी कोण?" त्यानं विचारलं.

घरी आलो. सगळ्या खिडक्या उघडल्या, तवा गच्चीत नेऊन ठेवला. पिंजरा हॉलमध्ये स्टुलावर ठेवला आणि त्याच्यासमोर फरशीवर बसून डबा उघडला. तीन पोळ्या, दोडक्याची भाजी, वरण-भात. पहिला घास तोंडात फिरत राहिला. भाजी अळणी होती. थकते बिचारी, विसरली असेल, म्हणून तशीच खाल्ली. कागदावर लिहिलं होतं म्हणून टक लावून बघत नव्हतो. खाली मान घालून खात होतो, चांगला मचमच आवाज करत. सत्यशीला असती तर ओरडली असती.

दुसरी पोळी निम्मी झाली तेव्हा वर टक्टक् ऐकू आलं. केशर कणसाला लटकलं होतं. तुरा ताठ. राळ्याची टरफलं माझ्या डब्यात पडत होती. मी थांबलो की ते थांबायचं, म्हणून पोट भरलं तरी मी खात राहिलो. डबा संपवला.

फोन वाजला. दोन.

"बाबा, केशरनं खाल्लं?"

नुसतं "खाल्लं" म्हटलं असतं तरी आज ते खरं होतं. पण मला खोट्याचाही कंटाळा आला होता. "आत्ता खाल्लं," मी म्हणालो. "चार दिवसांत पहिल्यांदा धड. आधी सांगत होतो ते खोटं होतं. सकाळी मी मिरच्या जाळल्या, मरता मरता वाचलं ते. माझ्या हातून झालं." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मी म्हणालो, "आईच्या वेळीही मी असंच करायला नको होतं, श्रद्धा."

तिनं विचारलं, "तुम्ही जेवलात?"

"जेवलो."

"भाजी कशी होती?"

"अळणी," मी म्हणालो.

ती रडायला लागली. ऑफिसात, सगळ्यांसमोर बसून रडत असावी. माझा जीव घाबरा झाला. "अगं, एवढं काय त्यात? होतं कधीतरी. उद्या घाल मीठ."

"दहा दिवस झाले बाबा," ती म्हणाली, "तुमच्या डब्यात मी मीठ घालतच नाहीये. तुम्ही रोज छान म्हणत होतात."