उपस्थित

नगरपालिकेत एकूण सव्वीस सदस्य होते, म्हणजे बावन्न कान. पण त्यांच्यातल्याच एक, नर्सबाई, बोलायला उभ्या राहिल्या की हे बावन्न कान नेमके कुठे जात, याचा पत्ता आजवर कुणाला लागला नव्हता. अध्यक्षांना नेमक्या तेव्हाच सह्या आठवत, दोघे फोनमध्ये डोकं घालत आणि एकजण हमखास शिपायाला पंख्याचा वेग वाढवायला सांगे.

आवाज लहान होता म्हणावं, तर तेही नाही. बाईंनी वीस वर्षं प्रसूतिगृहात काढली होती. त्यांच्या एका हाकेने डुलक्या घेणारे वॉर्डबॉय ताडकन उभे राहत. एकदा तर भूल चढत आलेल्या पेशंटनेही डोळे उघडून "हो सिस्टर" म्हटलं होतं. हा आवाज फक्त सभागृहाच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहत असावा.

पहिल्याच वर्षी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बसस्टँडवर बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. जायची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग आजारी पडून आमच्याकडे येतात."

शिपायाने पंखा वाढवला. बाई खाली बसल्या. दोन मिनिटं गेली आणि त्यांच्या डावीकडच्या खुर्चीतून भोंगाभाऊ उठले. भोंगाभाऊंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, आणि हे नाव त्यांच्या गळ्यामुळे गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं होतं.

"अध्यक्षमहोदय, मला आत्ताच एक गोष्ट सुचली," ते म्हणाले. "जायची सोय नाही म्हणून आपल्या आयाबहिणी दिवसभर पाणी पीत नाहीत."

सभागृह हेलावलं. बायकांच्या प्रश्नाला एका पुरुषाने वाचा फोडली म्हणून अध्यक्षांनी सह्या बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने सूचक म्हणून भोंगाभाऊंचं नाव घातलं, आणि बाईंच्या नावापुढे, त्या आल्या होत्या हे खरंच असल्यामुळे, 'उपस्थित' असं लिहिलं.

सभा संपल्यावर बाई त्याच्या टेबलाशी गेल्या. "अहो, हे आधी मी बोलले होते."

"तुम्ही?" कारकून मनापासून गोंधळला. "नाही हो बाई. मी सगळं कान देऊन ऐकत होतो."

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं. खोटं बोलणाऱ्याला पकडता तरी येतं. इथे कारकुनाने खरोखरच भोंगाभाऊंना ऐकलं होतं, आणि आपल्याला हे आत्ताच सुचलं यावर खुद्द भोंगाभाऊंचाही पूर्ण विश्वास होता.

पुढे महिला सदस्यांचा आत्मविश्वास वाढवण्यासाठी एक कार्यशाळा झाली. मोठ्या शहरातून एक मानसतज्ज्ञ आले. बायका राजकारणात मागे पडतात कारण त्यांच्या मनातच न्यूनगंड असतो, असं त्यांनी पडद्यावर रंगीत बाण काढून दाखवलं. उपाय म्हणून रोज सकाळी कमरेवर हात ठेवून आरशासमोर दोन मिनिटं उभं राहायचं होतं. आलेल्या नऊच्या नऊ जणी उभ्या राहिल्या. नर्सबाईंनी विचारलं, "आमचं मन दुरुस्त होईल, पण पुरुषांच्या कानांची कार्यशाळा कधी आहे?" मानसतज्ज्ञांनी प्रेमळ हसून पुढचं चित्र लावलं.

तेव्हापासून बाईंनी आरशाचा नाद सोडला आणि भोंगाभाऊंचा उजवा कान धरला. अगदी हळू, समोर बघत, ओठ न हलवता त्या म्हणायच्या, "कारखान्याच्या रस्त्यावर दिवे हवेत, रात्रपाळीच्या बायका अंधारातून येतात." मिनिटभरात भोंगाभाऊंना ते आत्ताच सुचायचं. दिवे लागले. रुग्णवाहिका आली. पाण्याच्या टाकीला झाकण बसलं. भोंगाभाऊंना 'महिलांचे कैवारी' म्हणून एक भलंमोठं स्मृतिचिन्ह मिळालं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्यांच्या बायकोने ते दाराला लावून ठेवलं होतं.

घरी सासूबाई विचारायच्या, "आज बोललीस का गं?"

"बोलले, भोंगाभाऊंच्या तोंडून. काम झालं ना, नाव कुणाचं का असेना."

एकदा हे ऐकून सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "मी चाळीस वर्षं तुझ्या सासऱ्यांच्या तोंडून बोलले. घर छान चाललं. सगळे म्हणायचे, तुझे मामंजी फार विचारी माणूस. ते गेल्यावर एक दिवस मी माझं म्हणून काही सांगायला गेले, तर दीर म्हणाले, वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतंय."

बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ऐकून सोडून द्यायची सवय फक्त पुरुषांनाच असते असं नाही.

मग निवडणूक आली. बसस्टँडवरचं स्वच्छतागृह मंजुरीनंतर चार वर्षांनी भिंतींपर्यंत पोचलं होतं, छत अजून बाकी होतं. आपण पुन्हा निवडून आलो नाही तर तिथे कुणीतरी पानाची टपरी टाकणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिकीट मागितलं. नव्या रचनेत त्यांचा आणि भोंगाभाऊंचा वॉर्ड एक झाला होता, आणि तिकीट एकच होतं.

पक्षाच्या कचेरीत निवड समिती बसली. अध्यक्ष तेच होते आणि लिहायलाही तोच कारकून होता, कारण एवढं सुवाच्य अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. त्याने पाच वर्षांच्या इतिवृत्तांच्या प्रती टेबलावर मांडल्या. अध्यक्षांनी पानं चाळली.

"बाई, हजेरी तुमची अव्वल आहे. साठच्या साठ सभांना उपस्थित. पण पाच वर्षांत तुमचा एक शब्द नाही यात. भोंगाभाऊ बघा, पानोपानी आहेत." त्यांनी हळहळत मान हलवली. "आम्ही बायकांना पुढे आणायला बघतो हो. पण मुळात आतून ओढच नसते, त्याला आम्ही काय करणार?"

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. राग अध्यक्षांचा होता, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. आपल्या हाताने, सभेमागून सभा, त्यांनी स्वतःला पुसलं होतं. वर काम झालं ना, म्हणून समाधानही मानलं होतं. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"भोंगाभाऊ, उमेदवारीबद्दल दोन शब्द बोला," अध्यक्ष म्हणाले.

भोंगाभाऊ सवयीने बाईंच्या डावीकडेच बसले होते. त्यांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली, खाकरले, आणि उठण्याआधी, इतक्या वर्षांच्या सवयीने, उजवा कान किंचित बाईंकडे झुकवला.

बाईंनी तो कान पाहिला. समोर बघत, ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "या वॉर्डात बाईच हवी. ती नर्सबाईच हवी. मी माझं नाव मागे घेतो."

भोंगाभाऊ उठले. "अध्यक्षमहोदय, मला आत्ताच एक गोष्ट सुचली. या वॉर्डात बाईच हवी." त्यांनी टेबलावर थाप मारली. "ती नर्सबाईच हवी." टाळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या वाक्याला ते जरा अडखळले, पण टाळ्या चालू असताना बोलणं अर्धवट सोडणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. "मी माझं नाव मागे घेतो."

अध्यक्षांनी डोळे पुसले. असा त्याग आपण पाहिला नव्हता, असं ते म्हणाले, आणि तिकीट जाहीर केलं.

भोंगाभाऊ खाली बसले. "बाई," ते हळूच म्हणाले, "मी असं का बोललो?"

"तुम्हाला आत्ताच सुचलं ना."

कारकून सहीसाठी कागद घेऊन आला. बाईंनी वाचलं. 'सूचक: भोंगाभाऊ. नर्सबाई: उपस्थित.' त्यांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि 'उपस्थित'वर आडवी रेघ मारली.

"बाई, इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही हो."

"मग कोरा कागद घ्या," नर्सबाई म्हणाल्या. आवाज प्रसूतिगृहातला होता. पलीकडे चहा पीत उभे असलेले समितीचे लोक कप हातात तसेच धरून वळले. "मी काय काय बोलले ते पहिल्या सभेपासून सांगते. तुम्ही लिहा."

"हो सिस्टर," कारकून म्हणाला, आणि कोरा कागद घेऊन बसला.