पाळीवरची सोबत

हिरालाल सेठनं भूमेश्वरीची गुणपत्रिका उलटी केली, मागची कोरी बाजूही निरखली आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"ऑनलाइन बी.कॉम. म्हणजे घर बैठे डिग्री. कॉलेजचं पोरगं असलं का मी त्याच्या सरला फोन लावतो. तुह्यासाठी कोणाले विचारू, सांग?"

गोंदियातल्या या राइस मिलमध्ये नोकरी मागायला येण्याआधी दोन ठिकाणी हेच ऐकवून तिला वाटेला लावलं होतं. एवढा जीव तोडून भूमेश्वरी शिकली, पण शिकवणाऱ्या एकाही सरानं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"अभ्यासाच्या वेळी माह्या सासूबाई सोबत राहत. बाहेरच बसल्या आहेत," ती बोलून गेली. सासू काय बोलेल, देवाला ठाऊक!

चोरखमारा या त्यांच्या गावी घरात मोबाइलला रेंज म्हणून नव्हती. ती मिळे तलावाच्या पाळीवर, उंच बांधावर. रोज संध्याकाळी भूमेश्वरी तिथं लेक्चर ऐकत बसे. सासू मुन्नीबाई सोबत येई खरी, पण चार हात लांब, सुनेकडे पाठ करून, तोंडातून शब्द न काढता बसून राही. आपलं शिकणं हिच्या डोळ्यांत खुपतं, असं भूमेश्वरीनं केव्हाच मनाशी धरलं होतं.

सेठनं बोलावल्यावर मुन्नीबाई आत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"माई, सून खरंच अभ्यास करत होती? आपल्या डोळ्यानं पाह्यलं तुम्ही?"

"नाइ."

झालं! भूमेश्वरीनं मान खाली घातली.

"सोबत तर होत्या ना?"

"होती ना जी. पण मले कसं दिसन? मी रस्त्याकडे तोंड करून बसत होती. एकटी बाई मोबाइल घेऊन बसली का गावातले रिकामटेकडे भवती जमतेत. मी काठी घेऊन बसली का कोणी फिरकत नव्हता. सून मोबाइलात काय करे, ते तिले माहीत."

सेठ खळखळून हसला.

"शिफारशीले येणारे सगळेच पाह्यलं म्हणतात. नाइ म्हणणारी तुम्हीच भेटल्या, माई." मग तो भूमेश्वरीकडे वळला. "सोमवारपासून ये. महिनाभर काम पाहतो, मग पक्कं."

भूमेश्वरी सासूकडेच बघत राहिली. बाहेर आल्याबरोबर ती सासूला म्हणाली,

"मामीजी, मले वाटे तुम्ही रागानं पाठ करून बसता."

"राग येतच होता. मच्छर का कमी चावत होते?"

ज्या पाठीवर आपण इतके दिवस मनातल्या मनात चिडत होतो, तिला घट्ट मिठी मारावी असं भूमेश्वरीला वाटलं. पण भररस्त्यात लाज आडवी आली.

बस स्टँडवर तिनं नवऱ्याला, तिलकला, फोन लावला. नोकरी लागली, एवढं सांगताना तिला रडूच फुटलं. येणारेजाणारे थांबून बघू लागले.

तशी मुन्नीबाई पदर खोचून पुढं झाली आणि सुनेकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभी राहिली.