झेंडूच्या हारातला मॉनिटर

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे आणि मला राग आलेला आहे. यंत्राला कुठला आलाय राग, असे म्हणू नका. आधी माझी हकिकत ऐका.

कारखान्यात जन्मलो, थर्माकोलच्या खोक्यात बसलो आणि नगर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात, आजारी तान्ह्या बाळांच्या खोलीत येऊन पोहोचलो. माझ्या वायरच्या टोकाला एक उबदार चकती आहे. ती बाळाच्या छातीवर चिकटवली की त्याच्या रक्तात ऑक्सिजन किती आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे मी सांगतो. मी येण्यापूर्वी त्यासाठी सारख्या इवल्या टाचा सुईने टोचाव्या लागत. चकतीने कातडी पोळू नये म्हणून शुभांगी सिस्टर न चुकता तिची जागा बदलत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग ती खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा करतात आणि त्यांना कामाला लावत नाहीत. नांगराला सुट्टी द्या, करवतीला द्या, माझी ना नाही. पण वॉर्डातल्या वाल्मिकमामांनी मला पुसले, बंद केले, हार घातला आणि चकतीवर हळदकुंकवाचे बोट ओढले. माझा डोळाच बुजवला की हो! डॉक्टर हर्षल हसून म्हणाले, "राहू द्या, पायाला लावायचं लहान मीटर आहेच."

त्याच सकाळी अकोले तालुक्यातून ज्ञानेश्वरीचे बाळ जीपने आले. दिवस भरण्याआधीच जन्मलेले, धापा टाकणारे. नळीने ऑक्सिजन दिला आणि पायावरच्या मीटरचा आकडा छान दिसू लागला. पण ते मीटर फक्त ऑक्सिजनचे! आत कार्बन डायऑक्साइड साठत होता आणि तो ओळखणारा मी नवरदेवासारखा नटून बसलो होतो. दुपारी बाळ शांत झाले. दारातून बघणारी त्याची आजी गोजरबाई हात जोडून म्हणाली, "सिस्टर, सकाळधरनं लई धापा टाकत हुतं. आता बगा कसं गाढ झोपलंय."

शुभांगी सिस्टर नुकत्याच ड्युटीवर आल्या होत्या. त्यांनी बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. बाळ हलले नाही.

"ही झोप नाही, गुंगी आहे, मामा! मॉनिटर कुणी बंद केला?"

"आज नवमी हाय, सिस्टर. आज त्याला कामाला लावू न्हाई."

"बाळाला कळते का नवमी?" त्यांनी हार ओढून काढला. स्पिरिटने कुंकू पुसले, मला सुरू केले आणि चकती बाळाच्या छातीवर चिकटवली. मला तापायला वेळ लागतो हो! तेवढा वेळ बाळाजवळ आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हते. अखेर आकडा उमटला आणि मी जीव तोडून ओरडलो. डॉक्टर धावले, बाळाला श्वासाच्या यंत्रावर घेतले. बाळ वाचले.

आणि वाल्मिकमामा काय म्हणाले? "बगा, पूजा पावली!" मित्रांनो, श्रेय कुणाला, तर झेंडूला!

आता माझी चकती निकामी झाली आहे. नवी कुणी मागवली नाही. मी अडगळीच्या खोलीत पडून असतो आणि भिंतीपलीकडे टाच टोचलेल्या बाळांचे रडणे ऐकतो. बाहेर काढतात ते फक्त खंडेनवमीला. यंदाही काढले, पुसले, हार घातला. शेजारच्या पाळण्यात एक बाळ अगदी शांत पडले होते. ते झोपले होते की नाही, हे मला सांगता आले नाही.

माझ्या पाया पडू नका, मित्रांनो. माझी चकती तेवढी बदला.