मरिंडुकेला जाताना

उम्म अल हस्सममधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत नुसरत कामाला होती. घर मूळचं म्हसळ्याचं, पण ती वाढली बहरीनमध्येच. सुट्ट्या जवळ आल्या की लोक फिलिपिन्सची चौकशी करत आणि ती सगळ्यांना तेच सांगे. परतीचं तिकीट आधी काढा. लहान बेटांवर कार्डावर विसंबू नका, रोख जवळ ठेवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरीबोट बंद होते, म्हणून एखाद-दुसरा दिवस हाताशी राखा.

तुकाराम शिर्के आले तेव्हाही तिने हेच सुरू केलं. पन्नाशीचे, चिपळूणकडचे, बहरीनमधल्याच रिफा शहरात एसी दुरुस्तीचं काम करणारे. त्यांना मरिंडुके बेटावर जायचं होतं. तिथले किनारे कुठले चांगले, तेही तिने सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, वर्षश्राद्धाला त्यांच्याकडे कुठल्या रंगाचे कपडे चालतात?"

नुसरतने किनाऱ्यांचं माहितीपत्रक बाजूला सारलं.

मग त्यांनी सांगितलं. कंपनीतला मरिंडुकेचा दानिलो आणि ते बरीच वर्षं एकाच गाडीतून कामाला जात. गेल्या उन्हाळ्यात एका गच्चीवर काम करताना दानिलोच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स येईपर्यंत त्याचं डोकं तुकारामांच्या मांडीवर होतं. तो तिथेच गेला. कंपनीने शव घरी पाठवलं, पण त्याची म्हातारी आई अजून सगळ्यांना विचारत होती, शेवटी त्याच्याजवळ कोण होतं? फोनवर तिची भाषा यांना कळेना, यांची तिला. आता वर्ष भरत आलं होतं. त्या दिवशी, तिकडच्या रीतीप्रमाणे, घरचे शोक उतरवणार होते.

तुकारामांनी गावी जायची रजा या प्रवासाला लावली होती. गावी बायकोला, गोदाबाईंना, फोनवर तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊन या. तिला कुणीतरी सांगायला हवं."

नुसरतने शेजारच्या टेबलावरच्या मारितेसला बोलावलं. मारितेस तिकडचीच. कपडे पांढरे किंवा काळे, लाल नको, असं तिने सांगितलं. मग एक वाक्य शिकवलं, 'हिंदी पो सिया नाग-इइसा.' तो एकटा नव्हता. त्यांच्या भाषेत 'हिंदी' म्हणजे 'नाही'. तुकाराम ते ओठांतल्या ओठांत घोकत बाहेर पडले.

परत आल्यावर ते नुसरतला भेटायला आले.

वादळामुळे बोटी बंद पडल्या होत्या. राखून ठेवलेले दिवस बंदरावरच गेले आणि ते पोचले तेव्हा विधी उरकला होता. घरात शिरून त्यांनी ते वाक्य म्हटलं. म्हातारीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. तिच्या सुनेने इंग्रजीत सांगितलं, त्याला फार त्रास झाला का, असं विचारतायत.

"वाटेत ठरवलं होतं, नाही म्हणून सांगायचं," तुकाराम म्हणाले. "पण तिने हात धरले होते. खोटं बोलवेना. म्हटलं, झाला. थोडा वेळ. पाणी मागितलं, ते मी पाजलं."

सुनेने ते सांगितलं. म्हातारी रडली नाही. तिने हात तेवढे घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना घेऊन दफनभूमीत गेली. चढ होता, दोनदा बसावं लागलं. मुलाच्या थडग्यावरची ओली पानं तिने स्वतः वेचून काढली. सून मागे उभी होती. तिने हळूच सांगितलं, पुरल्या दिवसापासून आई इथे आलीच नव्हती.

नुसरतने विचारलं, आता गावी कधी जाणार?

"डिसेंबरात रजा देतो म्हणालेत. इंशाल्ला," तुकाराम म्हणाले. त्यांनी मारितेसला नमस्कार केला आणि शिफ्ट गाठायला रिफाच्या बसकडे गेले.