चहावाल्यांच्या घरातलं हिमोग्लोबिन

माझ्या सासऱ्यांना बाजारात सगळे 'घोटभर' म्हणतात. चहाची चव पारखणं हा त्यांचा धंदा. दुकानाच्या मागच्या खोलीत पांढऱ्या वाट्या मांडून बसतात, चमच्यातला चहा असा जोरात ओढतात की नवखं गिऱ्हाईक दचकतं, मग बादलीत थुंकतात आणि त्या चहाची कुंडली मांडतात. मी पुढे बसून डबे भरते, लेबलं लावते. खाली दुकान, वर घर. या घरात पाणी मागितलं तरी चहा मिळतो.

मला सातवा लागला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझ्यापुढे कागद सरकवला. हिमोग्लोबिन साडेआठ. "नववा लागेपर्यंत दहाच्या वर गेलं नाही, तर बाळंतपण इथे नाही हं. शहरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल." हा दवाखाना आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे, आणि मला इथेच, याच नर्सबाईंच्या हाताखाली बाळंत व्हायचं होतं. नवरा माल आणायला निम्मा महिना बाहेर. तिकडे अनोळखी वॉर्डात एकटी पडेन या विचारानेच माझं धाबं दणाणलं.

सासूबाईंनी कंबर कसली. पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, खजूर, अंडी, बीट. बीट तर मला स्वप्नात दिसायला लागलं. लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. आणि बाबा, म्हणजे सासरे, प्रत्येक जेवणानंतर कुरकुरत्या गुडघ्यांनी जिना चढून मला कप आणून द्यायचे. "घे पोरी, खास तुझ्यासाठी जमवलाय." गोळी मी त्याच चहाबरोबर घ्यायचे. आमच्याकडे सगळी औषधं चहाबरोबरच घेतात.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साडेआठ! काटा तसूभर हलला नव्हता. मी तिथेच रडले. नको असताना गिळलेला एकेक घास आठवून संतापही आला.

नर्सबाईंनी वही काढली. "काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं, सांग बघू." मी बीटासकट सगळं सांगितलं.

"आणि चहा?"

"चहा काय सांगायचा? तो असतोच."

"किती?"

मी बोटं मोजायला लागले. दुसरा हात घ्यावा लागला. शेजारी बाबा बसले होते, ते म्हणाले, "हलका असतो हो."

"हलका असू दे नाहीतर जड. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आणि गोळीसुद्धा चहाबरोबर? धन्य आहात!"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. मला आधी हसू आलं, मग बाबांकडे पाहिलं आणि ते गेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्या दिवसापासून चहा दोनच कप, तेही जेवणापासून लांब. गोळी लिंबूपाण्याबरोबर. लिंबूपाणी बाबा करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ते चमच्याने जोरात ओढलं, डोळे मिटले, "आंबटपणा जरा पुढे येतोय," म्हणाले आणि सवयीने बादलीत थुंकले.

"अहो, लिंबूपाणी आहे ते, गिळा!" सासूबाई ओरडल्या.

बाबांनी स्वतःचाही जेवणानंतरचा चहा सोडला. मी समोर प्यायलो तर तिला मोह होईल, म्हणाले. चार दिवस डोकं धरून बसले आणि गिऱ्हाइकांवर खेकसले. मला इतकी माया आली त्यांची, की मी मुकाट्याने जास्तीचं बीट खाल्लं.

नववा लागता लागता तपासणी झाली. दहा पूर्णांक दोन! नर्सबाईंनी त्यांच्या बाळंतपणाच्या रजिस्टरात माझं नाव लिहिलं. मी आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

मी आणि बाबा घरी आलो तर सासूबाई कडधान्य निवडत होत्या. आकडा ऐकून त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. बाबा मात्र त्यांच्यासमोर खाली बसले.

"तुझ्या बाळंतपणात तुला रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या होत्या," ते म्हणाले. "दिवसाला सहा कप पाजत होतो मी तुला. कुणी विचारलंच नाही गं. आणि मलाही कळलं नाही."

सासूबाईंनी कडधान्याचं ताट बाजूला सरकवलं.

"मला चहा कधी आवडलाच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या हौसेनं आणायचात, म्हणून प्यायचे."